इंजिनिअर होणारं पोर कानस का मारतं?



दिवाळीआधीच्या एका बाजारच्या दिवशी आमच्या तालुक्यातले एक शेतकरी कचेरीत आले. वय साठीच्या घरातले, पाच एकरांचे धनी. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. एरवी खताची नाहीतर बियाण्याची चौकशी घेऊन यायचे. त्या दिवशी मात्र खुर्चीवर टेकले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी ओळखले, काहीतरी बिनसले आहे.

"काय आबा, रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स दुरुस्त झाला का?" मी विचारले.

"त्याचं राहू द्या साहेब. पोराचं सांगायला आलोय."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. थोरल्या पोराला त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला घातले आहे. दुभती म्हैस विकली, वर बँकेचे कर्ज काढले. पोर आता दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला भेटावे म्हणून आबा कॉलेजात गेले, तर पोर निळा अॅप्रन घालून लोखंडाचा तुकडा कानशीने घासत उभे. तळहाताला फोड आलेले. त्यातच पोराचा मशीन ड्रॉइंगचा विषय राहिला आहे आणि "मला हे जमत नाही, मी घरी येतो," असा फोन त्याने आईला केला आहे.

"साहेब, म्हैस विकून पोरगं इंजिनिअर व्हायला धाडलं, अन् मास्तर त्याला कानस मारायला लावतोय. लोहारकीच शिकायची होती तर आपल्या गावचा लोहार काय वाईट होता? काढून आणू का त्याला?"

मंडळी, हा प्रश्न एकट्या आबांचा नाही. आज गावोगावची मुले, आणि मुलीसुद्धा, आयटीआय, तंत्रनिकेतन आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकत आहेत. ती तिथे नेमके काय करतात, हे घरच्यांना ठाऊक नसते. मी शेतकीचा पदवीधर, इंजिनिअर नव्हे. पण नोकरीचा बराच काळ अवजारे, लोहारशाळा आणि ओतशाळा यांच्या संगतीत गेला. आबांना जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी हात, मग कागद

इंजिनिअरिंगच्या कारखान्यात, म्हणजे वर्कशॉपात, मुलाला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा देतात. त्याच्या कडा कानशीने सरळ करायच्या, कोपरे काटकोनात आणायचे आणि दुसरा तुकडा त्यात अलगद बसेल असा करायचा. ऐकायला सोपे. पण हात जरा डोलला की कडा उतरतात आणि मधे फुगवटा राहतो. गुण्या लावून उजेडाकडे धरले की फटीतून प्रकाश दिसतो. पुन्हा घासा!

यातून मुलगा काय शिकतो? कागदावर सरळ रेघ ओढायला क्षणभर लागतो, पण तीच रेघ लोखंडावर उतरवायला दिवस जातो, हे त्याच्या हाताला कळते. उद्या तो कागदावर माप लिहील, ते माप कोणीतरी कामगार घाम गाळून काढणार आहे. ज्याने स्वतः कानस मारली, तो नको तिथे बारीक माप लिहीत नाही. ज्याने कधी रुमणे धरले नाही त्याने नांगरटीवर भाषण द्यावे, तसे इथे चालत नाही. आम्हा अधिकाऱ्यांनाही हा टोला लागू आहे, हे मी कबूल करतो.

ड्रॉइंग ही भाषा आहे

आता राहिलेल्या विषयाबद्दल. मशीन ड्रॉइंग म्हणजे चित्रकला नव्हे. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते ठरलेल्या पद्धतीने मांडायचे. आपल्याकडच्या पद्धतीत समोरचे दृश्य वर आणि वरचे दृश्य त्याच्या खाली काढतात. कोल्हापूरच्या कारागिराने काढलेला कागद पुण्याच्या कारागिराने वाचावा आणि हुबेहूब तीच वस्तू बनवावी, एवढी ही भाषा नेमकी असते.

पोराला हे जमत नाही, कारण वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. त्यावर एक घरगुती उपाय आहे. एक मोठा बटाटा घ्यावा, पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे सुरीने कापावा, आणि समोरून, वरून, बाजूने न्याहाळावा. दहा-वीस बटाटे असे कापले की डोळा तयार होतो. कापलेल्या बटाट्यांची भाजी होते, वाया काही जात नाही.

आबांना मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्टही सांगितली. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. पण त्यांना रंगांतला फरक नीट ओळखता येत नसे. तो मार्ग बंद झाला. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवूही लागले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते अशी त्या काळी समजूत होती, म्हणून सुरुवातीला नांगर खपेनात. तरी त्यांनी हात सोडला नाही. १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक दार बंद झाले म्हणून लक्ष्मणराव घरी परतले असते, तर?

लोखंडाच्या चार वाटा

वस्तू बनवण्याच्या रीती, ज्याला कॉलेजात मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस म्हणतात, त्या मुख्यतः चार: ओतणे, घडवणे, कातणे आणि जोडणे. चारही तुमच्या अंगणात आहेत.

ओतणे म्हणजे बीडाचा तवा किंवा पाण्याच्या पंपाची बॉडी. आधी लाकडाचा नाहीतर धातूचा नमुना करतात, तो ओलसर वाळूत दाबून साचा घेतात आणि त्यात वितळलेले बीड ओततात. बीड थंड होताना आकसते, मीटरला सुमारे एक सेंटिमीटर. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. नमुन्याच्या बाजूंना किंचित उतार ठेवतात, नाहीतर तो उपसताना वाळूची भिंत ढासळते. आपण बादलीने वाळूचा किल्ला करतो तेव्हा बादलीला उतार असतो, तसेच हे.

घडवणे म्हणजे लोहाराची ऐरण. पूर्वी लाकडी नांगरासाठी सुतार बाभळीचे मुळातच वाकलेले लाकूड शोधायचा. का? तर लाकडाचे तंतू वाकणाबरोबर वळलेले असतात, म्हणून ते तुटत नाही. सरळ फळी कापून वाक आणला तर तंतू मधेच तुटतात आणि जोर येताच लाकूड तिथेच चिरते. पोलाद तापवून ठोकले की त्याचेही तंतू असेच आकाराबरोबर वळतात. म्हणून इंजिनाचा क्रँकशाफ्ट किंवा क्रेनचा हूक घडवून करतात.

कातणे म्हणजे लेथवर धातू सोलून नेमके माप काढणे. जोडणे म्हणजे वेल्डिंग. यातही एक गोष्ट ध्यानात ठेवा. बीडाच्या वस्तूला साध्या कांडीने वेल्डिंग मारले की बहुतेक वेळा जोडाशेजारी नवा तडा जातो, कारण तापून झटकन थंड झालेले बीड तिथे ठिसूळ होते. बीडाला वेगळी कांडी लागते आणि तापवण्याची, सावकाश थंड करण्याची रीत वेगळी असते.

शिवाय विळ्याला पाणी पाजणे आहेच. लोहारदादा कोयत्यासाठी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा का मागतात? त्या पोलादात कार्बन सुमारे अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून तापवून पाण्यात बुडवले की ते कठीण होते. साध्या नरम लोखंडात कार्बन फार कमी, त्याला कितीही पाणी पाजले तरी धार टिकत नाही. नुसते बुडवलेले पोलाद काचेसारखे तडकते, म्हणून ते पुन्हा थोडे तापवतात. लोहार रंग बघतो. गवती पिवळा म्हणजे साधारण २३० अंश, निळा म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. पुस्तकात हाच रंगांचा तक्ता असतो. लोहाराच्या डोळ्यात तो पिढ्यानपिढ्या आहे.

केसाचा पाचवा हिस्सा

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना तुमच्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिले असेल. धाव चाकापेक्षा जरा लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. धाव आकसून चाकाला आवळते. हिशेब असा: लोखंड तापले की दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सव्वा मीटरच्या आतबाहेर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली तर व्यास सुमारे ७ मिलिमीटर वाढतो. कारखान्यात हीच युक्ती वापरून गिअर आणि बेअरिंग शाफ्टवर बसवतात.

पण तिथली मापे फार बारीक. मोटारीतला ६२०५ नंबरचा बेअरिंग घ्या. त्याचे भोक २५ मिलिमीटरचे. त्यासाठी शाफ्टचे एक नेहमीचे माप २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटर. म्हणजे खेळायला जागा अवघी १३ मायक्रॉन, डोक्यावरच्या केसाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी. शाफ्ट झिजून ढिला झाला की बेअरिंग त्यावर फिरू लागतो, तापतो, आणि ऐन भरणीच्या वेळी मोटार बसते. तेव्हा आपला मेकॅनिक शाफ्टवर पंचाचे ठोके मारून बेअरिंग घट्ट करतो. चार दिवस चालते, पुन्हा ढिले होते, कारण बेअरिंग फक्त ठोक्यांच्या टोकांवर टेकलेला असतो. तुमचे पोर हे "का" शिकत आहे.

डिझाइन म्हणजे कुठे तुटेल ते आधी ओळखणे

डिझाइन म्हटले की लोकांना देखणा आकार आठवतो. मशीन डिझाइनमध्ये मुख्य प्रश्न असतो, ही वस्तू कुठे तुटेल आणि केव्हा?

छपराचा वासा तुम्ही आडवा टाकत नाही, उभा टाकता. दोन इंच बाय चार इंचांचा वासा उभा ठेवला तर आडव्याच्या दुप्पट भार पेलतो. शाफ्टचेही तसेच. २५ मिलिमीटरचा शाफ्ट ३० चा केला तर वजन वाढते ४४ टक्के, पण पीळ सोसण्याची ताकद वाढते सुमारे ७३ टक्के. उलट जिथे जाड शाफ्ट एकदम बारीक होतो तो कोपरा धारदार ठेवला, तर तडा तिथूनच सुरू होतो. तार मागेपुढे वाकवून आपण तोडतो ना, तसे लाखो फेऱ्यांनी पोलादही थकते. म्हणून चांगला डिझाइनर कोपऱ्याला गोलाई देतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट माणसाच्या हाताची. मळणी यंत्रात पेंढी सारताना हात गेलेली माणसे आपल्या भागात आहेत. यंत्राची घास घालायची नळी हाताच्या लांबीपेक्षा लांब आणि पुढच्या बाजूने झाकलेली असली, तर हात आत पोहोचूच शकत नाही. अशा धोक्यांसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रांबाबत कायदाही झाला. पण कायदा कागदावर राहतो, पत्र्याची लांबी यंत्रावर असते. ती लांबी किती ठेवायची हे कोणीतरी ड्रॉइंगवर ठरवतो. ते ठरवणारा शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर काय बिघडले?

आबांच्या अंगणात

आबांनी पोराला काढून आणले नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोर घरी आले तेव्हा मी मुद्दाम गेलो. रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स अजून उघडाच पडला होता, आतल्या गिअरचे दात उडालेले. मी पोराला म्हटले, "बघ रे, काय झालंय."

त्याने दात पाहिले नाहीत. ट्रॅक्टरकडून फिरत येणाऱ्या शाफ्टवरचा बोल्ट काढला, डोके पुसले आणि विचारले, "आबा, हा बोल्ट कुणी टाकला?"

"मीच. आधीचा सारखा तुटायचा. म्हणून बाजारातून भारी आणला."

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा होता. पोराने समजावले. पहिला आकडा बोल्टची ताकद सांगतो. ८.८ चा बोल्ट तुटायला चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे अंदाजे ८० किलोचा ताण लागतो. या अवजाराच्या पुस्तिकेत ४.६ चा सांगितला होता, तो ४० किलोलाच तुटतो. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. दगड नाहीतर मूळ लागले की बोल्टाने तुटावे आणि गिअर वाचावा. आबांनी बोल्ट दुप्पट ताकदीचा टाकला. दगड लागला तेव्हा बोल्ट टिकला आणि गिअर गेला.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तुटणारा बोल्ट हीच खरी राखण."

मी पोराला विचारले, "हे कुठे शिकलास?" ते म्हणाले, "डिझाइनचं पुस्तक वाचून नुसतं पाठ केलं होतं. तुटलेला गिअर बघितल्यावर आज समजलं."

बंधू-भगिनींनो, सगळे इथेच आहे. शेतकऱ्याच्या मुलाने तुटलेली अवजारे जेवढी पाहिली असतात, तेवढी शहरातल्या मुलाने पाहिलेली नसतात. ती त्याची जमेची बाजू आहे. मात्र हे त्याला कोणी सांगत नाही, आणि इंग्रजी पुस्तकापुढे ते स्वतःला कमी लेखू लागते.

घरच्यांनी काय करावे

पहिले, पोर कानस मारते, भट्टीपुढे उभे राहते, याची लाज धरू नका.

दुसरे, घरी एक वही ठेवा. कोणते अवजार कधी तुटले, कुठे तुटले, तेव्हा काय काम चालू होते, ते लिहा. सुट्टीत ती पोराला द्या. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो, तेव्हा विषय बाहेर शोधावा लागणार नाही.

तिसरे, सुट्टीत त्याला गावच्या लोहारदादांकडे आणि तालुक्याच्या लेथवाल्याकडे बसू द्या. जुना पंप खोलू द्या. प्रत्येक भाग मोजून त्याचे ड्रॉइंग काढायला सांगा. मशीन ड्रॉइंगचा याहून चांगला अभ्यास नाही.

चौथे, वाट एकच नसते. दहावीनंतर आयटीआयला फिटर किंवा टर्नर दोन वर्षांचा, वेल्डर एका वर्षाचा. तंत्रनिकेतनचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, आणि त्यानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. बारावीनंतर पदवी चार वर्षांची. प्रवेश घेण्याआधी कॉलेजचे वर्कशॉप डोळ्यांनी पाहा. लेथवर धूळ बसली असेल आणि जमिनीवर लोखंडाचा कीस दिसत नसेल, तर इमारत कितीही भव्य असो, विचार करा.

पाचवे, मुलाला बजावून सांगा. लेथ किंवा ड्रिलवर काम करताना बाह्या सैल नकोत, हातमोजे नकोत, मनगटात दोरा-गोफ नको. मुलींनी वेणी बांधून टोपीत घालावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. फिरते यंत्र दोरा धरते आणि मागोमाग हात ओढते.

आबांच्या पोराचा ड्रॉइंगचा विषय अजून राहिलेलाच आहे. परीक्षा उन्हाळ्यात आहे. आबांच्या घरी सध्या आठवड्यातून दोनदा बटाट्याची भाजी होते, असे काकू हसून सांगत होत्या, कारण पोर रविवारी घरी येऊन बटाटे कापत बसते. नवा गिअर आला, रोटाव्हेटर चालू झाला. आबांनी ४.६ चे अर्धा डझन बोल्ट आणून दारामागच्या डब्यात ठेवले आहेत.

तुमच्याही घरच्या रोटाव्हेटरवर कोणता बोल्ट आहे, तो आज संध्याकाळी फडक्याने पुसून पाहा, आणि अवजाराच्या पुस्तिकेशी ताडून घ्या.

 

आपला,
कृषी विस्तार अधिकारी